इंद्रभानची अकरा प्लेटींची बॅटरी

आमच्या नाटक मंडळीच्या हँडबिलावर अठरा नावं छापलेली असत. नायक, खलनायक, पेटीवाला, तबलजी, पडदे रंगवणारा, एवढंच काय, मंडपाला केळीचे खांब देणाऱ्या शेतकऱ्याचंही नाव शेवटच्या ओळीत येई. इंद्रभान वाकोडेचं नाव मात्र नसे. आणि त्या अठरा जणांपैकी एकाचाही आवाज इंद्रभानशिवाय तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. माझा तेवढा पोचायचा. यात मोठेपणा काही नाही, तेव्हा छातीच तशी होती. पुढं ती एकदा कामाला आली, म्हणून आधी सांगून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शेगावात वीज होती, पण आमच्या वरवट बकालला किंवा तिकडे सोनाळ्याला विजेचा खांबही उभा राहिला नव्हता. नाटकाला उजेड गॅसबत्तीचा आणि आवाज बॅटरीचा. ती बॅटरी, धोत्र्याच्या फुलासारखा पत्र्याचा भोंगा आणि आवाज मोठा करणारी ट्रंकेएवढी पेटी, म्हणजे त्याच्या भाषेत ‘सेट’, एवढा संसार इंद्रभान सोनाळ्याहून सायकलवर लादून आणी. सायकलवर तो बसत नसे, ढकलत असे. मागून त्याची बायको चांगुणा डोक्यावर भोंगा घेऊन चालायची. लांबून पाहिलं की रस्त्यानं एक मोठं फूल चालत येतंय असं वाटे. गावातली पोरं ते फूल दिसताच ओरडत, ‘आज नाटक हाय.’

इंद्रभान बेताच्या उंचीचा, काटक माणूस. अंगात खाकी पँट, आणि गुडघ्याखाली तिची पार चाळणी झालेली. बॅटरीतल्या तेजाबाचा थेंब उडाला की कापडाला भोक पडतं. चांगुणा ठिगळं लावून थकली होती. ‘याच्या पँटीपेक्षा कोळ्याचं जाळं बरं,’ असं ती चारचौघांत म्हणायची, आणि तो हसायचा.

छप्पन साली इंद्रभानच्या वस्तीतले लोक बौद्ध झाले. इंद्रभानच्या बापानं त्याच वर्षी गावकीची कामं सोडली आणि पोराला सांगितलं, आता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, हाताला कसब पाहिजे. म्हणून इंद्रभान खामगावला एका मोटार गॅरेजात गेला. पहिली दोन वर्षं ट्रक धुतले. पुढची चार बॅटऱ्यांजवळ काढली. तिथून निघताना एका मोडीत काढलेल्या ट्रकची तेरा प्लेटींची बॅटरी त्यानं मजुरीत मागून घेतली, आणि तिच्या जोरावर सोनाळ्यात माइकचा धंदा मांडला. प्लेटी म्हणजे आतले शिशाचे पत्रे, जितके जास्त तितकी बॅटरी मोठी.

बॅटरीला तो ‘ती’ म्हणायचा. ती तापली, ती दमली, तिला आज बरं नाही. भुईवर ती कधी टेकवली नाही. लाकडाची फळी टाकून तीवर ठेवायची. उन्हात ओल्या पोत्याची सावली करायची. बॅटरीला वरून सहा तोंडं असतात, सहा खान्यांची, आणि प्रत्येकावर एक बूच. इंद्रभाननं त्या बुचांवर चाकूनं खुणा केल्या होत्या: पहिल्यावर एक चीर, दुसऱ्यावर दोन, अशा सहापर्यंत. ज्याचं बूच त्यालाच. आत पाणी कमी झालं की तो घरून आणलेल्या चिनी मातीच्या बरणीतलं पाणी थेंब थेंब घाले. ते पाणी पावसाचं, श्रावणात अंगणात धोतर ताणून धरलेलं असे. बरणीला कोणी हात लावायचा नाही. चांगुणासुद्धा लावत नसे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पण पाहणं निराळं आणि समजणं निराळं. तालमीत पडदा ओढणाऱ्याला सगळ्यांचे संवाद पाठ असतात, म्हणून तो नट होत नाही.

त्या साली चैत्रात आमच्या गावची जत्रा होती. नाटक आमचंच. दुपारी इंद्रभान भोंगा बांधायला कडुनिंबावर चढला होता, चांगुणा खाली तार धरून होती, आणि बॅटरी आमच्या ओसरीच्या सावलीत फळीवर एकटीच होती. मी बुचं काढून आत डोकावलो. प्लेटी बोटाच्या एका पेरानं उघड्या पडल्या होत्या. उन्हाळाच तसा होता, माणसाच्या घशाला कोरड पडत होती. मला वाटलं, बिचारी तहानली. घरात गेलो, आमच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणला आणि सहाही खान्यांत सढळ हातानं ओतला. दारात तहानलेलं आलं तर आधी पाणी द्यावं, ही आमच्या घरची रीत.

रीत म्हटलं खरं, पण पूर्ण सांगतो. त्याच दुपारी माझ्या आईनं इंद्रभानलाही पाणी दिलं होतं. ते उंबऱ्याबाहेर, वरून धार धरून, आणि तो ओंजळीनं प्याला होता. त्याच्या बॅटरीला मी घरचा तांब्या टेकवला. यातलं काही मला त्या दिवशी खटकलं नाही.

नाटक झकास झालं. दुसऱ्या दिवशी ते फूल सोनाळ्याच्या वाटेनं चालत गेलं.

पुढच्या तीन आठवड्यांत बॅटरी ढासळली. शेगावहून पूर्ण चार्ज करून आणावी, तर दुसऱ्या दिवसापर्यंत बसून बसूनच निम्मी रिकामी व्हायची. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भोंगा मुका झाला. आमच्या मंडळीचे मालक उत्तमराव त्या लग्नाला होते. जिभेला हाड नसलेला माणूस. पारावर बसून म्हणाले, “इंद्रभानचा भोंगा म्हंजे सासरी चाल्ली पोरगी. अर्ध्या वाटेत रडते अन् मंग गप होते.” चार गावांत ते वाक्य फिरलं. उत्तमराव शेगावच्या दुसऱ्या माइकवाल्याशी बोलणंही करू लागले.

इंद्रभानला त्यापेक्षा मोठा घोर होता. वैशाखी पुनवेला सोनाळ्यात नव्या विहाराचं उद्घाटन होतं. लोकांनी दोन वर्षं अंगमेहनतीनं बांधलेला विहार. बारा गावांहून माणसं येणार, अकोल्याहून भंतेजी येणार, सकाळपासून सांजेपर्यंत कार्यक्रम. माइक इंद्रभानचा, हा शब्द त्यानं सहा महिन्यांपूर्वीच दिला होता. परक्याच्या लग्नात भोंगा मुका झाला तर लोक हसतात. आपल्या माणसांच्या एवढ्या दिवसाला झाला असता, तर त्याला त्या गावात मान वर करता आली नसती.

पुनवेच्या चार दिवस आधी मी सोनाळ्याला गेलो. निमित्त नाटकाच्या तारखेचं. अंगणात चांगुणा एकटीच भांडी घाशीत होती, आणि मनातला राग भांड्यांवर काढत होती.

“कुठी गेला इंद्रभान?”

“घरातच हाय. माह्याशी बोलत नाही.”

“काऊन?”

“म्हन्ते, बॅटरीत पानी तूच टाकलं. मी बरणीले हात बी लावला नाही. पाच वर्सं झाली लगनाले, कदी लावला नाही. आता त्या मड्यासाठी खोटी ठरली मी.”

इंद्रभान बाहेर आला. डोळे ओढलेले. त्यानं मला बुचं दाखवली. “हे पाहा रामराव. तीन चिरांचं बूच पाचव्या खान्यावर, पाचाचं तिसऱ्यावर. कोनी तरी उघडली. अन् आतमंदी पांढरं बसलं हाय. हे आभायाचं पानी नाही. हे विहिरीचं हाय, खारं. मीठ गेलं की प्लेटी सडतात, आतल्या आत खाऊन टाकते. आता हिले कितीबी पाजा, टिकत नाही.”

पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या विहिरीचं पाणी किती खारं, ते मला सांगायची गरज नव्हती. त्याच पाण्यात आमची डाळ शिजत नव्हती. रंगभूमीवर मी कितीतरी वेळा पापाची कबुली दिली होती. गुडघे टेकून, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणून. त्या अंगणात मात्र माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. “उद्या शेगावले चाल्लास काय?” एवढंच विचारलं.

“जाच लागते. दुसरी घ्याव लागन.”

“मंग मी येतो. मलेबी काम हाय तिकडं.”

मला काही काम नव्हतं.

शेगावात स्टेशनच्या वाटेवर शंकररावांचं बॅटरीचं दुकान होतं. पुढं विक्री, मागं चार्जिंग. आत तेजाबाचा आंबूस वास आणि बुडबुड्यांचा आवाज. मेलेली बॅटरी आम्ही दोघांनी दोन्ही कडांना धरून आत नेली.

“आली का म्हातारी?” शंकरराव म्हणाले.

“मेली. दुसरी पाह्यतो.”

“पहिलीले इचारलं का?”

“तीच तं बोलत नाही,” इंद्रभान म्हणाला, आणि त्याही स्थितीत हसला.

शंकररावांनी दोन बॅटऱ्या पुढं ठेवल्या. किंमत जवळजवळ सारखी. एक नवी कोरी, पण लहान, अकरा प्लेटींची. दुसरी पंधरा प्लेटींची, अवजड, काळ्या रंगात चकचकीत, खाने बंद करायला वर ओतलेलं डांबर आरशासारखं. ‘दुरुस्त केलेली’ असं त्यांनी हळूच सांगितलं. व्होल्टमीटर लावला. काटा बाराच्या पुढं गेला आणि ऐटीत उभा राहिला.

मी नाटकातला माणूस, माझे डोळे पोशाखावर. “ही मोठी घे,” मी म्हणालो. “पंधरा कुठं अन् अकरा कुठं. अन् नाई तं शंकररावले चोवीस व्होल्टची माग ना. बाराचा भोंगा एवढा ओरडते, चोवीसचा आकोटापर्यंत जाईन.”

“चोवीसची लावली तं माहा सेट जळन, रामराव. सेट बाराचा हाय, तं बाराचीच लागते. तिथी हौस चालत नाही.” मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या भाषेत आला. “तुमी गाता. काळी चारमंदी गाता का काळी पाचमंदी, तो तुमचा सूर. व्होल्ट म्हंजे तो. पेटी ज्या सुरात, गानं त्याच सुरात. जास्ती चढवलं म्हंजे चांगलं झालं असं नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“आता तो सूर किती येळ धरू शकता, तो दम. तो निराळा. बारकं पोरगंबी तुमचा सूर लावते, पन अर्ध्या वळीत धापा टाकते. बॅटरीचा दम डबीवर लिहेल असते.” नव्या बॅटरीवरची चिठ्ठी त्यानं बोटानं दाखवली. साठ अँपिअर-अवर. “माहा सेट आठ अँपिअर वढते. साठले आठानं भागा. साडेसात तास. पन तळ काढाचा नाही. तिसरा हिस्सा तिच्या पोटात राहू द्याचा, नाई तं ती पुन्हा उठत नाही. म्हंजे पाच तास.”

“अन् ही मोठी?”

“हिच्यावर ऐंशी लिहेल हाय. खरं असन तं सहा-सात तास. पन ते नवी होती तवाचं हाय. आता तिच्यात किती राह्यलं, ते डबी सांगत नाही.”

“काटा तं सांगते. बारा दाखवून राह्यला.”

“रामराव, तुमचे ते जुने नट, ते महाराजाचं काम करनारे. रंगपटात मुकुट घालून बसले की कसे दिसतात?”

“साक्षात महाराज.”

“अन् स्टेजवर पहिलं वाक्य म्हनलं की?”

आमचे तसे एक होते. दुसऱ्या अंकात त्यांना पडद्याआडून पाणी द्यावं लागे.

“बसलेल्या बॅटरीचा काटा पाहाचा नाही,” इंद्रभान म्हणाला. “काम द्याचं, मंग पाहाचा.” पिशवीतून त्यानं मोटारीच्या पुढच्या दिव्याचे दोन बल्ब काढले. जुने, तारा डकवलेले. “हे दोन मिळून माह्या सेटएवढं पेतात. शंकरराव, अर्धा तास लावू द्या.”

शंकररावांच्या कपाळावर आठ्या आल्या. “इथी काय लगन हाय का, दिवे लावाले?”

“लगनच समजा. एकदा घरात नेली की परत कोन घेते?”

मोठ्या बॅटरीला बल्ब जोडले. भर दुपारी ते दोन पिवळे डोळे पेटले आणि आम्ही पायरीवर बसलो. रस्त्यावरून दर्शनाला जाणाऱ्या माणसांचे टांगे जात होते. इंद्रभान बल्बांकडे पाहत होता. अर्धा तास फार मोठा असतो. मी संवाद जुळवू लागलो, तीन वेळा जुळवला, तिन्ही वेळा खोटा वाटला. शेवटी तसंच बोललो.

“इंद्रभान, ते पानी म्या टाकलं. जत्रेच्या दिवशी. आमच्या विहिरीचं. मले वाटलं, तहानली.”

एक टांगा गेला, दुसरा गेला.

“घरचा तांब्या होता?” त्यानं विचारलं.

“हाव.”

“तुमच्या घरी मले पानी देतांना लय इचार होते, रामराव,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा, बाजारभाव सांगावा तसा. “जिले देतांना इचार कराव लागत होता, तिले तसंच देलं.”

साठ वर्षं होत आली, पण असं वाक्य मला कुठल्याही नाटकात मिळालं नाही.

मग तोच म्हणाला, “तुमी वाईट केलं नाही. तहान दिसली अन् पाजलं. पन मले सांगून उपेग नाही. चांगुणेले सांगा. आज एकवीस दिवस झाले, मी तिले खोटी म्हनून राह्यलो.”

तेवढ्यात दिवे मंदावले. अर्धा तास व्हायला अजून वेळ होता. इंद्रभान उठला आणि मीटरच्या दोन तारा एकेका खान्याला लावत गेला. पाच खाने ठीक होते. चौथ्यावर काटा जवळजवळ बसलाच.

“हा पाहा. पाच जन गातात, एक मेला हाय. तो साऱ्याइले खाली वढते. वरचं डांबर नवं, आतलं जुनं.”

शंकररावांनी मान हलवली. “मलेबी तशीच आली होती ती, बाप्पा. मी बल्ब लावून पाह्यलं नाही.” माणूस लबाड नव्हता. पुढं त्यांच्याही दुकानात दोन बल्ब टांगलेले मी पाहिले.

नवी अकरा प्लेटींची घेतली. तिला तेजाब भरून पहिला चार्ज सावकाश, दोन दिवस द्यायचा होता. इंद्रभान तिच्याजवळ थांबला. मी एकटा एसटीनं निघालो आणि वरवटला न उतरता तसाच सोनाळ्याला गेलो.

चांगुणेपुढं उभा राहून सगळं सांगितलं. तिनं पदर खोचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“म्हंजे एकवीस दिवस मी तुमच्या वाटचं ऐकून राह्यली.”

“हाव.”

“राजाचं काम करता नं तुमी नाटकात?”

“हाव.”

“मंग बरोबर हाय. राजानं कराचं अन् परजेनं भराचं.” मग चुलीकडे वळत म्हणाली, “बसा आता. चहा पेता का, तेबी इचार करूनच?”

मी चहा घेतला. त्या घरातला माझा तो पहिला चहा. कपाचा कान तुटलेला होता आणि साखर सढळ होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी इंद्रभान बॅटरी घेऊन आला. विहारापुढच्या मंडपात आम्ही बसलो. त्याच्यासमोर कार्यक्रमाचा कागद होता. सकाळी आठ ते सांजेचे सहा. दहा तास. बॅटरीत पाच.

“मधे मधे बंद करन,” तो म्हणाला. “जेवनाच्या येळी, माणसं येऊन बसतात तवा. पन एक अडचन हाय. सेटमंदल्या काचेच्या नळ्या गरम झाल्याबिगर आवाज येत नाही. बंद केला की परत चालू व्हाले अर्धा मिनिट, पाऊन मिनिट जाते. अन् तेवढ्यात लोकाइले वाटते, भोंगा मेला. बोंब होते. उत्तमराव तं पुढंच बसून राह्यतीन.”

मी कागद हातात घेतला. प्रत्येक वक्त्याच्या आधी त्याचा परिचय होता, सत्कार होते, देणगीदारांची नावं होती, हरवलेल्या पोरांच्या सूचना होणार होत्या. मोजलं तर तेच तीन तासांवर जात होतं.

“हे सारं भोंग्यावर काऊन पाह्यजे?” मी म्हणालो. “हे मी बोलतो. बिना माइकचं. तू तवा सेट बंद ठेव. मी नाव पुकारतो, माणूस खुर्चीवरून उठून येते, तवर तुह्या नळ्या तापतीन.”

इंद्रभान माझ्याकडे पाहत राहिला. “दहा तास?”

“काळी चारमंदी,” मी म्हणालो.

वैशाखी पुनवेला सूर्य उगवतानाच तापला होता. माणसं पायी, बैलगाडीनं, सायकलीनं आली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. मंडप भरून बाहेर रांगा गेल्या. मी व्यासपीठाच्या कडेला उभा राहिलो आणि पहिली घोषणा दिली. शेवटच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं कानामागचा हात खाली घेतला, तेव्हा मला कळलं, पोचतोय.

तो दिवस असा गेला. मी बोलायचो, तेव्हा इंद्रभान खटका खाली करून बसे. परिचय संपत आला की मी डावा हात पाठीमागं न्यायचो, तो खटका वर करायचा. मी वक्त्याचं नाव लांबवायचो, गाव सांगायचो, बापाचं नाव सांगायचो, आणि सेटमधला तांबूस उजेड पुरता पेटला की बाजूला व्हायचो. वक्ता माइकपुढं आला की पहिल्याच शब्दाला भोंगा बोलायचा. एकदाही खरखर नाही, एकदाही थांबणं नाही. चांगुणा बॅटरीवरचं पोतं ओलं करत होती, बरणीतल्या पाण्यानं नव्हे, हौदातल्या. ‘हे पोत्याले चालते,’ असं तिनं मला मुद्दाम ऐकवलं.

उत्तमराव खरंच पुढं बसले होते. दुपारी तीन वाजता एका वक्त्यानं ठरलेला वेळ ओलांडला, अर्धा तास ओलांडला. इंद्रभाननं काचेची पिचकारी काढली. तिच्यात खुणा केलेली एक बारीक काचनळी तरंगते, तिला तो भिंग म्हणायचा. तेजाब वर ओढलं की भिंग जितकं वर तरंगेल तितका दम शिल्लक. भिंग खाली चाललं होतं. त्यानं मला एक बोट दाखवलं. एक तास. आणि भंतेजींचं बोलणं व त्रिशरण-पंचशील अजून राहिलं होतं.

मग मी ते केलं जे कुठल्याही नटानं दुसऱ्याच्या प्रवेशात करू नये. वक्त्यानं श्वास घेतला त्या क्षणी पुढं जाऊन त्याला हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिचारा बसला. उरलेले तीन सत्कार आणि एक पोवाडा बिनमाइकचे झाले. पोवाडा मी शाहिराच्या जोडीनं गायलो, शेवटच्या कडव्याला माझाही आवाज फाटला, आणि घशाला रक्ताची चव आली. चांगुणेनं तांब्या पुढं केला. मी तांब्या वर धरला नाही, तोंडाला लावला आणि घटाघटा प्यालो. बऱ्याच जणांनी पाहिलं. पाहू दे म्हटलं.

साडेपाचला भंतेजी उठले. उन्हं कलली होती. इंद्रभाननं खटका वर केला. अर्धं मिनिट. मला बोलायचं होतं, पण घशातून आवाज येईना. मंडप शांत. उत्तमरावांनी मान वळवून भोंग्याकडे पाहिलं. तेव्हा मी उरलासुरला दम गोळा केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, “आज सकाळपासून ज्यांच्यामुळं आपण एकमेकाइले ऐकलं, ते आपले इंद्रभानजी वाकोडे. अन् त्यायच्या चांगुणाबाई.”

लोकांनी वळून पाहिलं. इंद्रभाननं खाली मान घातली आणि उगाच एक तार घट्ट केली. नळ्या तापल्या होत्या. भंतेजींचा पहिला शब्द भोंग्यातून निघाला तो थेट विहाराच्या पलीकडे, शेतांपर्यंत गेला. मग बारा गावांच्या माणसांनी एका सुरात शरण घेतलं, आणि तो आवाज माइकचा होता की माणसांचा, हे शेवटी शेवटी कळत नव्हतं. सहाला दहा मिनिटं कमी असताना सगळं संपलं. इंद्रभाननं पिचकारी लावली, भिंग पाहिलं आणि मला पंजा आडवा धरून दाखवला. तळ काढला नव्हता.

उत्तमराव जाताना सेटजवळ थांबले. “रडली नाही बे आज तुही पोरगी,” एवढं म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळत असे.

माझा आवाज नऊ दिवस बसला. पुढच्या नाटकाला राजाचं काम दुसऱ्यानं केलं, वाईट केलं. त्याच नाटकाच्या हँडबिलावर एकोणिसावं नाव छापून आलं, केळीच्या खांबांच्याही खाली. मी उत्तमरावांशी भांडायला निघालो, तर इंद्रभाननंच अडवलं. “राहू द्या. बॅटरी खालीच असते,” तो म्हणाला.

ती अकरा प्लेटींची बॅटरी त्यानं साडेचार वर्षं चालवली. मग खांब आले, वीज आली, आणि सोनाळ्यात रेडिओ दुरुस्त करणारा पहिला माणूस तोच झाला. आमच्या ओसरीवर तो पुष्कळदा आला. माझी आई असेपर्यंत पाणी वरूनच मिळालं. मी ते बदलायला उशीर केला, हे कबूल करतो. नंतर तो आत बसायचा, तांब्या उचलून प्यायचा आणि तोंड वाकडं करून दरवेळी तेच म्हणायचा, “रामराव, पानी खारंच हाय तुमचं अजून.”